सुमनताईंचा सा

कार्तिक संपत आला की आमच्या पाटसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि हवेला साखर कारखान्याचा तो वास येतो. गोड म्हणावा तर पुरता गोड नाही, करपलेला म्हणावा तर तसाही नाही. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतो आणि आम्ही त्याला हसतो. ट्रॅक्टरवर लावलेली गाणी एकमेकांत मिसळतात, पाळी बदलली की भोंगा होतो, कुठल्या तरी फडात पाचट पेटलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे तंतू येऊन बसतात. यंदाही सगळं तसंच सुरू झालं. परवा शाळेतून येताना ट्रॉल्यांच्या रांगेमागे बस अडकली, खिडकीतून तो वास आत आला आणि माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. सा रे ग म. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून जरा सरकून बसल्या.

चार वर्षांपूर्वीच्या हंगामात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सा कुठे असतो ते मला कळलं. आधी वाटायचं की ते मला ठाऊकच आहे.

मी भांडगावच्या हायस्कुलात गणित शिकवते. गणिताच्या बाईंना जी एक खोड असते ती मलाही आहे. कुठलीही गोष्ट पाठ झाली की ती समजली, असं मला स्वतःच्या बाबतीत वाटतं. मुलांच्या बाबतीत मात्र मी हे अजिबात चालवून घेत नाही. त्या वर्षी मी एक जुनी बाजाची पेटी घेतली आणि दर रविवारी दौंडला गायकवाड सरांकडे शिकायला जायला लागले. सर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. घर रुळांच्या इतकं जवळ की मालगाडी गेली की शिकवणी थांबायची, आणि ती जाईपर्यंत सर तिच्या हॉर्नचा सूर पेटीवर शोधत बसायचे. वर्गात सात मुलं, सगळी चौथी-पाचवीतली, आणि मी. संगीताच्या प्रवेशिकेच्या परीक्षेला आम्ही एकत्रच बसणार होतो. त्यातली पाचवीतली एक मुलगी मला पहिले दोन महिने कुणाची तरी आई समजत होती.

मी घरी आल्या आल्या पेटीच्या पट्ट्यांवर कागदाचे चौकोन चिकटवले. पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा, दुसरीवर रे, असे सात. दहा थाट, म्हणजे सात स्वरांच्या दहा ठरलेल्या मांडण्या, मी पाढ्यांसारखे पाठ केले. बिलावल सगळे शुद्ध, कल्याण तीव्र मध्यम, खमाज कोमल निषाद. शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताना मनातल्या मनात म्हणायची. थाट म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर पुस्तकातली व्याख्या मी एका दमात म्हटली असती. कशासाठी, हे मात्र सांगता आलं नसतं.

सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या दोघींच्या लग्नांत बारा वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे त्या मला जाऊ कमी आणि सासू जास्त वाटायच्या, तेही पहिली दोन-तीन वर्षंच. नंतर कळलं की ह्या बाईंना रागवताच येत नाही. आमच्या गल्लीत दर एकादशीला भजन असतं. मंडळाचे बुवा म्हणजे आमचे चुलत सासरे, तात्या. सुमनताई बायकांच्या पहिल्या ओळीत टाळ घेऊन बसायच्या. ठेका कधी चुकायच्या नाहीत. ओठ हलायचे, मान डोलायची. मी वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या नुसते ओठ हलवतात, आवाज काढतच नाहीत, हे मला कधी कळलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

कळलं ते त्या मार्गशीर्षात. त्यांची अश्विनी पहिल्या बाळंतपणाला कोरेगाव भीमाहून माहेरी आली होती. शनिवारी सकाळची शाळा आटपून मी पेटी घेऊन बसले होते आणि ताई मेथी निवडायला माझ्याकडे आल्या. थोडा वेळ ऐकत बसल्या. मग मेथीच्या काड्यांकडेच बघत त्यांनी विचारलं की बारशाला अजून दोन-अडीच महिने आहेत, तेवढ्यात एखाद्या बाईला एक पाळणा म्हणता येईल का? मी म्हटलं, कुठल्या बाईला? त्यांनी पुढची काडी निवडायला घेतली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताईंचं माहेर शिरूरकडचं, घोड नदीच्या काठचं. त्यांची आई एक पाळणा म्हणायची. तो कुठल्या वहीत नाही, कुणाच्या मोबाइलवर नाही. आई गेली, बहीण नाही, तेव्हा तो आता फक्त ताईंजवळ आहे. अश्विनीच्या बारशाला तो म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण तेव्हा जमलं नाही. आता तिच्या बाळाच्या बारशालाही नाही म्हटला तर मग कधी? आणि म्हणायचा कसा, कारण त्या तर बेसूर.

हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं. तात्यांनी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, भर भजनात. नव्या सुनेने हौसेने आवाज लावला, तो अंतऱ्याला फाटला. तात्यांनी पेटी थांबवली आणि म्हणाले, सूनबाई, तुम्ही टाळच धरा. सगळे हसले, त्याही हसल्या. तेव्हापासून धरला तो धरलाच. तात्यांच्या मनात वाईट काही नसणार, मी त्यांना चांगली ओळखते. पण तीस-बत्तीस वर्षं एक बाई देवापुढेसुद्धा नुसते ओठ हलवते, हे ऐकून मी मेथी बाजूला सारली. आणि मग मी, अर्थातच, लगेच शिकवायला लागले.

पहिल्या शनिवारचा धडा सांगण्यासारखा नाही. मी कागद चिकटवलेल्या सा-वर बोट ठेवलं आणि म्हटलं, ताई, हा सा. त्यांनी प्रामाणिकपणे तो लावला. पाळण्याची पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत चाल वर जाते, तिथे त्यांचा आवाज ताणला, कापला आणि तुटला. मी म्हटलं, खालून घ्या. खालून घेतला तर तो त्यांच्या पदरात कुठे तरी विरून गेला. तीन शनिवार हेच. चौथ्या आठवड्यात मला मनातल्या मनात वाटलं की तात्यांचं काही अगदीच चुकलं नव्हतं. हे मी ताईंना बोलले नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्या उठताना म्हणाल्या की आता शेतावर हुरडा पार्टीवाले येतील, कामं फार आहेत, पुढच्या शनिवारी जमतंय की नाही बघते.

दुसऱ्या दिवशी दौंडला सरांनी एक खेळ मांडला. फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, काळीला हात लावायचा नाही. मात्र सुरुवात दर वेळी पुढच्या पट्टीपासून करायची आणि ती जी पट्टी असेल तिलाच सा मानायचं. सा-पासून निघालो, बिलावल. रे-पासून निघालो आणि त्याच सात पट्ट्यांतून काफी आला. ग-पासून भैरवी. भैरवी त्या खोलीत आली तेव्हा त्या चौथी-पाचवीतल्या मुलांची चुळबुळ थांबली, मला चांगलं आठवतंय. म-पासून कल्याण, प-पासून खमाज, ध-पासून आसावरी. नि-पासून निघालो तर पंचमच सापडेना. सर म्हणाले, त्या घरी मुक्कामाला जायचं नाही.

पट्ट्या त्याच, मग बदललं काय? मुलांना कळावं म्हणून सरांनी मलाच उभं केलं. ह्या बाई भांडगावच्या शाळेत कोण? मॅडम. घरी कोण? धाकटी सून. माहेरी? मी म्हटलं, थोरली लेक. बाई एकच, पण कुणाच्या घरात उभं राहून बघता त्यावर ती कोण ते ठरतं. सा म्हणजे ते घर. बाकीच्या सहा जणांचं नातं त्याच्यावरून मोजायचं. मुलं हसली, मीही हसले. वहीत सगळं व्यवस्थित उतरवलं. प-पासून खमाज, निषाद कोमल, खाली दोन रेघा.

परत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, निदान मला तसं वाटत होतं. सा हलवता येतो. मग ताईंचा सा हलवायचा. तो शोधणं सोपं निघालं. त्या ज्वारी पाखडताना गुणगुणत होत्या, अगदी बारीक, त्यांच्या स्वतःच्याही नकळत. ते गुणगुणणं जिथे येऊन टेकत होतं तो सूर मी मनात धरला आणि पळत जाऊन पेटीवर शोधला. खालच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, पांढरी पाच. तात्यांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, त्याहून बरीच वर, काळी एक. आमच्या भजनात काळी एकशिवाय दुसरं काही कुणी ऐकलेलंच नाही. सगळ्या सुना, सगळ्या लेकी, वेगवेगळ्या गळ्यांच्या, तात्यांच्या गळ्यात बसेल तिथूनच देवाचं नाव घेत आल्या. ज्यांना जमलं त्यांचा आवाज चांगला, बाकीच्यांनी टाळ धरले. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

मी जुने कागद खरवडून काढले आणि नवे चिकटवले. पांढऱ्या पाचवर सा, पुढच्या पांढरीवर रे, तिच्या पुढच्या पांढरीवर ग, असे ओळीने सात. ताईंना ओढून आणलं. म्हटलं, आता म्हणा.

त्यांनी सा लावला आणि मी चमकले. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. थोडा जाड, खालच्या अंगाचा, उबदार. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ वर चढली आणि या वेळी आवाज फाटला नाही, सहज वर गेला. आणि वरच्या सा-च्या अगदी अलीकडे येऊन ताई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. मी पेटीवर नि दाबून धरला, हा घ्या, हा. त्या तो घेईनात.

"ही पायरी ठेंगणी लागतीया," त्या म्हणाल्या. "आईचं असं न्हाई. आई वरच्याला अगदी चिकटून यायची."

मी त्यांना समजावलं. फळ्यावर समजावते तसं. हे बघा, सात स्वर, सात पट्ट्या, मी दोनदा मोजल्यात. पेटी चुकत नसते, ताई. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, पेटीच्या सुरावर आवाज दाबून बसवायचा. ऐकवत नव्हतं. मग त्यांनी पदर सावरला.

"असंल बाई," त्या म्हणाल्या. "माझंच चुकत असंल."

त्या गेल्यावर मी पेटीचा भाता बंद केला. तात्यांनी पेटी थांबवली होती, मी थांबवली नव्हती, इतकाच काय तो फरक. बारशाला पाच आठवडे होते. माझ्या नवऱ्याने हौसेने मोबाइलवर एक पाळणा शोधून स्पीकरला जोडूनसुद्धा बघितला होता. छान वाजत होता तो. ताई त्याला म्हणाल्या की हाच लावा, बरं हाय.

रविवारी मी सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, वाजवून दाखवा. मी पांढऱ्या पाचपासून सात पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या. शेवटच्या पट्टीपाशी पोहोचायच्या आधीच त्या पाचवीतल्या मुलीने तोंड उघडलं, "मॅडम, हा तर खमाज."

प-पासून खमाज. निषाद कोमल, म्हणजे नि अर्धी पायरी खाली. मागच्याच रविवारी लिहिलं होतं, खाली दोन रेघा. पांढरी पाच म्हणजे तोच जुना प, ज्याच्यावर मी स्वतःच्या हाताने नवा सा चिकटवला होता. एखाद्या मुलाने शाळेत असं केलं असतं तर मी त्याला वर्गापुढे उभं केलं असतं. सरांनी तसं काही केलं नाही. माझं बोट धरून पट्ट्यांवरून चालवलं. पांढऱ्या पट्ट्या डोळ्याला सारख्या अंतरावर दिसतात, पण तिसरी-चौथीच्या मध्ये आणि सातवी-आठवीच्या मध्ये काळी पट्टी नाही, तिथली पायरी अर्धीच. घर हलवलं तर पट्ट्या मोजायच्या नसतात, पायऱ्या मोजायच्या. पूर्ण, पूर्ण, अर्धी, मग तीन पूर्ण, आणि शेवटी अर्धी. तसं मोजत गेलं की निषाद पांढरीवर येतच नाही, काळी तीनवर येतो. वरच्या सा-ला अगदी चिकटून.

मग सरांनी त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, वस्तीवस्तीत, जयंतीच्या दिवसांत तर एका संध्याकाळी पाच-पाच गाणारे. कुणाचा गळा वरचा, कुणाचा खालचा, एखादी पोर पहिल्यांदाच उभी राहिलेली. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण समोरचा नुसता खाकरला तरी त्यांना त्याची पट्टी कळायची. गाणाऱ्याने पेटीकडे यायचं नसतं, पेटीवाल्याने त्याच्याकडे जायचं असतं, एवढंच त्यांचं शास्त्र. थाटाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

निघताना सर म्हणाले, "मॅडम, चुकीचा सूर तुम्हाला खुपला नाही, त्यांना खुपला. मग बेसूर कोण?"

बसमध्ये मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पाटसच्या आधी ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी तिथेच उतरले आणि उसाच्या चोयट्या तुडवत घरापर्यंत चालत गेले. ताई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं की ती पायरी खरंच ठेंगणी होती, माझं चुकलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजी मला ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त. भाकरी फुगली, त्यांनी ती खाली उतरवली, दुसरी थापायला घेतली. बत्तीस वर्षं एखादीला स्वतःचा कान खोटा वाटत राहावा, ह्याची भरपाई शब्दांत होत नाही. मी पिठाचा डबा पुढे सरकवला.

पुढचे चार शनिवार आम्ही पाळण्यावर काढले. कागद मी काढून टाकले, खोबरेल तेल लावून डागसुद्धा पुसले. माझी परीक्षा मधेच होऊन गेली. ज्या प्रश्नाची मी सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती तो आलाच नाही, आणि उरलेला पेपर मी त्या पाचवीतल्या मुलीच्या मागच्या बाकावर बसून निवांत सोडवला. अश्विनीला मुलगी झाली. घरात सुंठवड्याचा आणि धुरीचा वास भरला. बाहेर हंगाम ऐन भरात होता.

तात्यांनी त्या थंडीत गाणं सोडलं होतं. खोकला आहे म्हणायचे. एकादशीला यायचे, भिंतीला टेकून बसायचे. त्यांच्या जागी दुसरे कुणी म्हणायचे, काळी एकमध्येच. मला वाटायचं, वय झालं, कंटाळले असतील.

बारशाच्या दिवशी कोरेगावची मंडळी आली, गल्लीतल्या बायका आल्या. घुगऱ्यांची टोपली पाळण्याखाली ठेवली. नाव ठेवून झालं. नवऱ्याने स्पीकरच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा मी पेटीचा भाता सोडला आणि पांढरी पाच धरली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण असा खालचा सूर आमच्या घरात कधी ऐकलेला नव्हता. ताईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली. पहिल्या ओळीला आवाज कापत होता. दुसऱ्या ओळीत त्या वर गेल्या, निषादावर आल्या, वरच्या सा-ला टेकल्या आणि डोळे मिटून तिथे थोड्या थांबल्या. अश्विनीने तोंडावर हात घेतला. आईचा गाण्यातला आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. पाचही कडवी झाली. कोरेगावच्या विहीणबाई मधूनच सूर मिसळायला लागल्या, त्यांनाही ती पट्टी सोयीची पडली असावी.

पाळणा संपल्यावर बायका घुगऱ्यांकडे वळल्या. तात्या भिंतीपासून उठले, हळूहळू चालत माझ्यापाशी येऊन बसले. मला वाटलं, ताईंबद्दल काही बोलतील. त्यांना ते जुनं आठवत तरी होतं की नाही, कुणास ठाऊक. मला अजूनही खात्री नाही. ते पेटीकडे बघत होते.

"माझं कुठं बसतंय, बघ गं," ते हळू आवाजात म्हणाले.

मी त्यांचा मान ठेवून काळी एक धरली. तात्यांनी अभंग उचलला आणि दुसऱ्याच शब्दाला आवाज फाटला. खोकला वगैरे काही नव्हता. माना वळल्या. ते थांबले आणि हात जोडून उठायला लागले. मी त्यांना थांबवून अर्धी पायरी खाली, पांढरी एकवर आले, मग आणखी अर्धी, खालच्या पांढरी सातवर. त्यांचा गळा अजून ताणलेलाच होता, आणि माझी पुढे जायची छाती होईना. एवढ्या मोठ्या बुवांना आणखी किती खाली आणायचं? तेवढ्यात सुमनताई बाळाला घेऊन माझ्यामागे येऊन बसल्या आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "आनखी खाली घे, वर्षा. त्यांना वढाताण व्हतीया."

मी आणखी अर्धी पायरी उतरून काळी पाच धरली. तात्यांचा आवाज तिथे टेकला, खरखरीत, पण सुरात. ती सुमनताईंची पट्टी नव्हती. तरी त्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं, आणि तात्यांच्या मागून त्याच पट्टीत अभंग म्हणायला लागल्या.